हवामान कोण बदलते? आपल्या कारखान्याच्या दगडांची साक्ष

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आरती झाल्यावर आणि महाप्रसादाआधी जो बोलायला उभा राहतो त्याने लांबण लावू नये, हे भान भिलाईतल्या इतक्या वर्षांच्या गणेशोत्सवांनी मला दिले आहे. तरीही समितीने आग्रह केला आणि विषयही माझ्यावरच सोपवला, म्हणून थोडा वेळ घेतो.

विषय मला आपल्याच मंडळातल्या तरुण सहकाऱ्यांनी दिला. ते म्हणतात, “काका, पृथ्वीचे हवामान तर कोट्यवधी वर्षे बदलतच आले आहे. तेव्हा ना मोटारी होत्या, ना आपली भिलाई. मग आताच कर्बवायूच्या नावाने एवढा गवगवा कशासाठी? आणि शास्त्रज्ञांचे तरी आपसात कुठे एकमत आहे?”

हा प्रश्न हसून उडवण्यासारखा नाही. हवामान पूर्वी बदलले, हे खरे आहे. ते नेमके कशामुळे बदलले यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, हेही खरे आहे. पण या दोन खऱ्या वाक्यांवरून ‘आता काळजीचे कारण नाही’ असे तिसरे वाक्य निघते का, ते आपण पाहू. त्यासाठी दूर जायला नको. आपल्या कारखान्यात मालगाडीने जे दगड येतात, तेच हवामानाच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत. आपण आयुष्यभर त्यांना भट्टीत घातले. आज त्यांची साक्ष घेऊ.

लोहखनिज: मंद सूर्याचे कोडे

पहिला साक्षीदार दल्ली-राजहऱ्याचा. भिलाईच्या दक्षिणेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या या टेकड्यांतले लोहखनिज भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवले. पुढे त्याच्याच भरवशावर भिलाई उभी राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको.

हे खनिज मुळात पट्ट्यापट्ट्यांच्या खडकातून आले. एक थर लोहाचा, एक थर सिलिकेचा. दोनशे कोटी वर्षांहून जुन्या समुद्रात विरघळलेले लोह तळाशी बसत गेले, त्याचे हे थर. पुढे त्यातली सिलिका धुपून गेली आणि समृद्ध खनिज उरले. मुद्दा असा की, हे थर पाण्याशिवाय बसूच शकत नाहीत. म्हणजे त्या काळी समुद्र होता आणि तो गोठलेला नव्हता.

यात नवल काय? नवल सूर्याचे आहे. ताऱ्यांच्या भौतिकशास्त्राप्रमाणे सूर्य हळूहळू प्रखर होत आला आहे. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने मंद होता. एवढ्या मंद सूर्याखाली, आजच्यासारखी हवा असती तर, समुद्र गोठायला हवा होता. कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलन यांनी १९७२ साली हे कोडे जगापुढे मांडले. उत्तर बहुधा हवेच्या पांघरुणात आहे: तेव्हा कर्बवायू पुष्कळ अधिक असावा, मिथेनही असावा. पण कोणता वायू किती होता, यावर आज पन्नास वर्षांनंतरही वाद आहे. पहिल्या साक्षीदाराने वायूंच्या पांघरुणाकडे बोट दाखवले. आकडा मात्र सांगितला नाही.

चुनखडी: पृथ्वीचा थर्मोस्टॅट

दुसरा साक्षीदार नंदिनीचा. हा तर घराजवळचा, वीसेक किलोमीटरवरचा. छत्तीसगढच्या पठाराखाली शंभर कोटी वर्षे किंवा त्याहून जुन्या उथळ समुद्राची चुनखडी पसरलेली आहे. तिच्यात कुठे कुठे कोबीचा गड्डा उभा चिरावा तशा रेषा दिसतात. त्या स्ट्रोमॅटोलाइटच्या, सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून केलेल्या रचना.

चुनखडी भाजली की काय होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो चुना मिळतो आणि चव्वेचाळीस किलो कर्बवायू धुराड्यातून जातो. हेच उलटे वाचा: चुनखडीचा हा सगळा थर म्हणजे एकेकाळी हवेत असलेला आणि आता दगडात कोंडलेला कर्बवायू आहे.

तो तिथे गेला कसा? पावसाच्या पाण्यात कर्बवायू विरघळतो, पाणी किंचित आम्ल होते, ते खडक झिजवते, त्यातला कॅल्शियम नद्यांतून समुद्रात जातो आणि तिथे चुनखडी होते. ज्वालामुखी तो वायू पुन्हा हवेत आणून सोडतात. हवा तापली की पाऊस आणि झीज वाढते, कर्बवायू घटतो, हवा निवते. हवा थंडावली की झीज मंदावते आणि वायू पुन्हा साठतो. वॉकर, हेज आणि कास्टिंग या तिघांनी १९८१ साली हा हिशेब नीट मांडला. भट्टीच्या नियंत्रण कक्षात काम केलेल्याला हा थर्मोस्टॅट लगेच पटेल.

पण या थर्मोस्टॅटला चूक दुरुस्त करायला लाखो वर्षे लागतात. आणि तो कधी कधी साफ फसलेलाही दिसतो. ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वी दोनदा जवळजवळ विषुववृत्तापर्यंत बर्फाने झाकली गेली. का, यावर एकमत नाही.

कोळसा: चंद्रपूरचा बर्फ

तिसरा साक्षीदार कोळसा. आपला कोकचा कोळसा झारखंडातून आणि परदेशातून येतो. कोरब्याचा आणि चंद्रपूरचा कोळसा विजेसाठी जळतो. पण आपल्याकडचा हा कोळसा बहुतांशी एकाच खडकमालेतला, गोंडवाना मालेतला. नाव आपल्याच मुलखाचे. गोंडांच्या या भूमीवरून हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ साली ते खडकांना दिले आणि पुढे एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने ‘गोंडवनालँड’ म्हणून ते जगभर नेले.

या कोळशाच्या खाली काय आहे, हे ऐकून आमच्या चंद्रपूरकडच्या मंडळींना हसू येईल. खाली बर्फाच्या खुणा आहेत! ज्या चंद्रपूरला मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही, त्याच्या जवळ पैनगंगेच्या काठी इरई गावापाशी चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. हिमनदी तळाशी अडकलेले धोंडे घेऊन सरकते तेव्हा असे ओरखडे उमटतात. फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली हे पुरावे छापले. ओरिसातल्या तालचेरजवळचे असेच धोंड्यांचे थर पाहून ब्लॅनफर्ड बंधूंनी त्याच्याही आधी, १८५६ साली, बर्फाची शंका बोलून दाखवली होती.

आणि बर्फ वितळल्यावर काय झाले, हे आपल्या छत्तीसगढात पाहायला मिळते. मनेंद्रगढला हसदेव नदीच्या काठी सागरी शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. १९५४ साली ते उजेडात आले. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी हिमयुग ओसरताना समुद्र इतका आत शिरला होता! त्यानंतर दलदली झाल्या, ग्लॉसोप्टेरिसची जंगले माजली आणि त्यांचा कोळसा झाला.

हे हिमयुग कशामुळे आले? तेव्हा आपली भूमी दक्षिण ध्रुवाजवळ होती, हे एक कारण. पण ध्रुवावर जमीन असूनही बर्फ नव्हता असेही काळ होऊन गेले, तेव्हा एवढ्याने भागत नाही. त्या काळात वनस्पतींनी हवेतला कर्ब गाडून टाकल्याने आणि नव्या पर्वतांच्या झिजेने कर्बवायू उतरला होता, हे दुसरे कारण. कोणाचा वाटा किती, हे अजून ठरते आहे.

सह्याद्री: एकच खडक, दोन आरोप

चौथा साक्षीदार भट्टीत येत नाही, पण आपल्या सर्वांच्या मूळ गावी उभा आहे. सह्याद्रीचा काळा दगड. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे लोट एकावर एक पसरले. महाबळेश्वरकडे थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते आणि पूर्वेकडे हा दगड थेट अमरकंटकपर्यंत आला आहे. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी झाकली आहे.

त्याच सुमारास डायनोसॉर नाहीसे झाले. मेक्सिकोत प्रचंड अशनी आदळली हे नक्की. पण दख्खनच्या लाव्हातून निघालेल्या वायूंनी हवामान आधीच बिघडवले होते का? २०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या एकाच साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी दोन निबंध छापले. एकाने आर्गॉनचे घड्याळ वापरले, दुसऱ्याने युरेनियम आणि शिशाचे. पहिला म्हणाला, बहुतांश लाव्हा अशनी पडल्यानंतरचा. दुसरा म्हणाला, एक मोठा उद्रेक अशनीच्या थोडा आधीचा. दगड तोच, पुणे-महाबळेश्वरच्या घाटांतला, निष्कर्ष निराळे.

गंमत पुढेच आहे. हाच दगड आधी कर्बवायू सोडून तापवणारा आणि नंतर झिजताना कर्बवायू शोषून निववणाराही ठरतो. गेल्या पाच कोटी वर्षांत पृथ्वी थंड होत गेली. साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास अंटार्क्टिकावर बर्फ साठला. का? मॉरीन रेमो आणि विल्यम रडिमन यांनी १९९२ साली हिमालयाकडे बोट दाखवले: पर्वत उंचावला, झीज वाढली. केंट आणि मुटोनी यांनी २००८ साली सांगितले की, उत्तरेकडे सरकणारा भारत विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यात आला आणि दख्खनचा दगड भराभर झिजला, त्याचा हिशेबही धरा. अजून काही जण म्हणतात, ज्वालामुखींचा पुरवठाच आटला. म्हणजे जगाला थंडावा देण्याचे श्रेय सह्याद्रीला की हिमालयाला, हा वाद चालूच आहे. आपण महाराष्ट्राचे म्हणून सह्याद्रीला मत द्यावे, असे विज्ञानात चालत नाही!

दंडक गुहा: दुष्काळाची वही

शेवटचा साक्षीदार वयाने अगदी लहान आहे, पण सगळ्यात जवळचा. बस्तरच्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. तिच्या जमिनीवर ठिबकणाऱ्या पाण्यातून चुन्याचा स्तंभ वाढत गेला. त्या थरांतल्या प्राणवायूच्या समस्थानिकांवरून इ. स. ६०० ते १५०० या काळातल्या पावसाचा अंदाज बांधला गेला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या आरंभी लांबलेली अवर्षणे दिसतात. १३९६ ते १४०७ हा आपल्या इतिहासातला दुर्गादेवीच्या दुष्काळाचा काळ. लोककथेत राहिलेला बारा वर्षांचा दुष्काळ बस्तरच्या दगडातही सापडावा, हे वाचून माझ्या तर अंगावर काटा आला होता.

त्या दुष्काळात कर्बवायूचा हात नव्हता. तेव्हा तो हवेत दहा लाख भागांत २८० भागांच्या आसपास स्थिर होता. मग पाऊस का रुसला? प्रशांत महासागराच्या तापमानातले दीर्घ चढउतार, सूर्याचे किंचित मंदावणे, ज्वालामुखींची धूळ, अशी कारणे सांगितली जातात. निकाल लागलेला नाही.

मग एवढा गवगवा कशासाठी?

आता तरुण मित्र म्हणतील, “काका, तुम्ही तर आमचीच बाजू मांडलीत!” जरा थांबा.

समजा भट्टीतल्या लोखंडाचे तापमान उतरले. कारणे किती असू शकतात? कोक ओला आला असेल, ब्लास्टचे तापमान घसरले असेल, खनिजाची प्रत बदलली असेल किंवा ट्युयरमधून पाणी गळत असेल. वीस वर्षांपूर्वी एकदा भट्टी नेमकी कशाने थंडावली, यावर दोन जुने फोरमन आजही चहावर भांडतील. पण आज रात्री समोर ट्युयर गळताना दिसत असेल, तर कुठला शिफ्ट इनचार्ज म्हणेल की आधी त्या जुन्या प्रकरणाचा निकाल लावा, मगच मी पाणी बंद करतो?

आज काय दिसते आहे ते मोजून पाहू. हवाई बेटातल्या मौना लोआवर १९५८ साली कर्बवायू नियमित मोजायला सुरुवात झाली, म्हणजे आपल्या पहिल्या भट्टीच्या जेमतेम वर्षभर आधी. तेव्हा आकडा ३१५ होता. २०२४ सालची सरासरी ४२४ च्या घरात गेली. अंटार्क्टिकाच्या बर्फात आठ लाख वर्षांची हवा कोंडलेली आहे. त्या सगळ्या काळात हा आकडा १८० ते ३०० च्या दरम्यानच राहिला.

हा जादा कर्ब आपलाच कशावरून? कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात किरणोत्सारी कर्ब-१४ उरलेला नसतो. तो कोळसा जाळला की हवेतले कर्ब-१४ चे प्रमाण पातळ होते. झाडांच्या लाकडात ही खूण १९५५ साली हान्स स्यूस यांनी दाखवली. हे हान्स म्हणजे आपल्या गोंडवनालँडवाल्या एडुआर्ड स्यूस यांचे नातू. आजोबांनी गोंडवनाचे नाव जगभर नेले आणि नातवाने दाखवले की जमिनीतला जुना कोळसा आता हवेत आला आहे! ज्वालामुखींचे म्हणाल, तर माणूस खनिज इंधनांतून वर्षाला सुमारे ३७०० कोटी टन कर्बवायू सोडतो. ज्वालामुखींचे उत्सर्जन त्याच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही.

आणि सूर्य? १९७० च्या दशकाअखेरीपासून उपग्रह त्याचे तेज मोजत आहेत. त्यात चढ दिसत नाही. सूर्यामुळे तापत असते तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचा थर निवतो आहे. पांघरूण जाड झाल्याची ही खूण. २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होते.

अनिश्चितता इथेही आहे. कर्बवायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल? १९७९ साली अमेरिकेतल्या चार्नी समितीने दीड ते साडेचार अंश सांगितले. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने ते बहुधा अडीच ते चार अंश असे आवळले. फरक मोठा आहे, पण त्यात शून्य कुठेच नाही. आणि ही पट्टी आवळायला मदत कोणाची झाली? जुन्या हिमयुगांच्या आणि उष्ण युगांच्या अभ्यासाचीच.

आपल्या साक्षीदारांकडे पुन्हा पाहा. त्यांच्यात वाद आहेत ते कोणाचा वाटा किती यावर. पण मंद सूर्य असो, चंद्रपूरचा बर्फ असो की सह्याद्रीची झीज असो, दीर्घ काळाच्या प्रत्येक प्रकरणात कर्बवायूचे नाव आरोपपत्रात येतेच. आणि दंडक गुहा तर आणखी गंभीर गोष्ट सांगते. एवढ्याशा धक्क्यानेही आपला मान्सून बारा-बारा वर्षे रुसू शकतो. ज्या यंत्राचे सगळे गुणदोष आपल्याला माहीत नाहीत, ते जोरजोरात ढकलून बघायचे नसते, हे आपल्याला कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

शेवटी आपल्याविषयी. ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने एक टन पोलाद केले की दोन टनांहून अधिक कर्बवायू जातो. त्या पोलादाच्या रुळांवर देशाच्या रेल्वे धावतात, याचा मला अभिमान आहे आणि राहील. लोखंड वितळवले म्हणून कुणी मान खाली घालायची गरज नाही. पण भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन २०२१ साली दिले आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपने आयात पोलादावर कर्बाचा आकार लावायलाही सुरुवात केली आहे. म्हणजे हा प्रश्न आता वर्तमानपत्रापुरता राहिला नाही. तो कारखान्याच्या हिशेबवहीत आला आहे. आमच्या पिढीने उत्पादनाचे विक्रम मोजले. तुमच्या पिढीला कोकचा दर, वाया जाणारी उष्णता आणि कर्ब, हे तिन्ही मोजावे लागतील.

आपल्या नळाला येणारे पाणी तांदुळा आणि गंगरेल धरणांतून येते आणि ती धरणे मान्सूनवर भरतात. आजूबाजूच्या शेतातला धान त्याच पावसावर उभा असतो. मरोदा तलावाची पातळी उतरली की टाउनशिपमध्ये सगळ्यांच्याच चेहऱ्यावर ते दिसते. तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणाले, ‘शास्त्रज्ञांना अजून सगळे कुठे कळले आहे?’, तर त्यांना सांगा, बरोबर आहे, सगळे कळलेले नाही, म्हणूनच जपून.

महाप्रसाद थंड होण्याआधी थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!